चौऱ्याऐंशी ते एकोणनव्वद

ओनाम्वेडीच्या चर्चमागे मारुलाचं एक जुनं झाड आहे. त्याच्या सावलीत दर मंगळवारी आणि गुरुवारी एरास्टुस मास्तर टेबल टाकून बसायचे. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. देशाच्या स्वातंत्र्यासाठी सीमेपलीकडे जाऊन जे लढले त्यांची नोंद करून त्यांना दरमहा अनुदान आणि औषधपाणी द्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हापासून मास्तरांना उसंत नव्हती. नऊ पानांचा तो फॉर्म, तोही इंग्रजीत. ज्यांनी तिकडे तोफा ओढल्या, जखमी माणसं पाठीवर वाहिली, त्यांना ही नऊ पानं काही उचलवेनात. सगळे मास्तरांकडे यायचे.

तायमी शिकुदुले आली ती सगळ्यात शेवटी. नोंदणी सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. त्या गुरुवारी बाकीचे उठून जाईपर्यंत ती चर्चच्या भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मग डाव्या पायावर भार देत, उजवा ओढत टेबलापाशी आली.

"मास्तर, माझाही भरून द्या."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मेमे तायमी, तुम्ही?" आमच्याकडे बाईला आदराने मेमे म्हणायचं, पुरुषाला ताते.

"का? मी गेले नव्हते?"

"गेला होतात. बसा ना."

ती बसली. नाव, जन्म, आईबापाचं गाव, सगळं झालं. तिकडे कुठलं नाव घेतलं होतं, असा एक रकाना होता. "नेलागो," ती म्हणाली. नेलागो म्हणजे नशीबवान. अठराव्या वर्षी मोठ्या हौसेने ठेवलेलं ते नाव उच्चारताना तिला हसू आलं. मास्तरांना नाही आलं. मग कामाचा तक्ता आला.

"एकोणऐंशी ते ऐंशी?"

"शिकत होते. कवायत, मग वायरलेस."

"ऐंशी ते चौऱ्याऐंशी?"

"वायरलेसवरच. दक्षिणेच्या तळावर."

"चौऱ्याऐंशी ते एकोणनव्वद?"

तायमीने दुखरा पाय सरळ केला. मास्तरांनी मान खालीच ठेवून पुन्हा विचारलं, "चौऱ्याऐंशी ते एकोणनव्वद, मेमे. काय काम?"

"खड्ड्यात होते," ती म्हणाली.

मास्तरांना हे ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नव्हतं? पण परत येऊन चोवीस वर्षं झाली, त्या पाच वर्षांत तू कुठे होतीस, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते शेवटी एका कागदाने.

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. "असं काम या फॉर्मात बसत नाही," ते हळूच म्हणाले.

तायमी आणि हिल्मा एका बाकावर शिकल्या, एकाच दिवशी मिशनच्या शाळेतून पळाल्या आणि चार दिवस चालून सीमेपलीकडे पोचल्या. हिल्मा दवाखान्यात लागली, तायमी वायरलेसवर. तायमीचा आवाज स्वच्छ आणि थंड होता. पलीकडे गोळीबार चालू असला तरी ती आकडे असे सांगायची की ऐकणाऱ्याला धीर यायचा. चौऱ्याऐंशी साली ट्रकांचा एक ताफा वाटेतच बॉम्बने उडवला गेला. ताफ्याची वाट शत्रूला कुणी सांगितली? वरच्यांनी ठरवलं की आपल्यातच हेर आहेत. ज्यांना इंग्रजी येतं, जे शिकलेले, त्यांच्यावर आधी नजर गेली. एके दिवशी सकाळी एक अधिकारी, कॉम्रेड मातेउस, जीप घेऊन आला आणि म्हणाला, "नेलागो, तुझी पुढच्या शिक्षणासाठी निवड झालीय. पिशवी घे." तिने आनंदाने पिशवी भरली. डोक्याला तेलसुद्धा लावलं.

शिक्षण वगैरे काही नव्हतं. एक खोली होती, दोन माणसं होती, आणि एकच प्रश्न होता: तुला कुणी पाठवलं? अकराव्या दिवशी ती हो म्हणाली. त्यांना जे ऐकायचं होतं ते सगळं ती बोलली. तोवर डाव्या कानातून रक्त येऊन तो कायमचा बंद झाला होता.

मग खड्डा. जमिनीत खणलेला, वरून पत्रे टाकून त्यावर माती लोटलेली. चाळीसेक बायका. दिवसातून दोनदा शिडी खाली यायची, एकदा घाणीचा डबा वर न्यायला आणि एकदा जेवण खाली द्यायला. काही महिन्यांनी त्याच शिडीवरून हिल्मा उतरली.

लढाई संपली तेव्हा जे जिवंत होते त्यांना विमानाने घरी आणून सोडलं. बाकीच्यांच्या स्वागताला ढोल वाजले. हेर ठरवलेल्यांचं हे विमान आलं तेव्हा धावपट्टीवर फक्त नातेवाईक होते, तेही सगळ्यांचे नव्हते. तायमीचा भाऊ आला. त्याने तिला घरी नेलं, पण वहिनीने तिचा वाडगा वेगळा ठेवला. ती ज्या डोणीतून ओशिकुंडू काढायची त्या डोणीचं नंतर कुणी प्यायचं नाही. बाजरीचं ते आंबट पेय आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यायचं असतं. कुणी तुमच्या हातचं नको म्हटलं की समजायचं, तुम्ही मेलात. भाऊ वारल्यावर ती वेगळी राहिली. काठ्यांचं कुंपण घातलेली एक झोपडी, थोडी बाजरी, वाळवलेल्या रानभाजीच्या चकत्या बाजारात विकायच्या, एवढाच संसार.

परतल्याच्या पुढच्या वर्षी शाळेच्या स्वयंपाकघरात जागा निघाली होती. ती अर्ज घेऊन गेली. हेडमास्तर एरास्टुसच होते. अर्ज वाचून त्यांनी घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला. "पालकांना आवडणार नाही, मेमे," ते म्हणाले होते.

तिला दार उघडं होतं ते एकच घर. हिल्माची आई, कुकू ओतिली; कुकू म्हणजे आजी. म्हातारी एकटी होती. पहिल्याच आठवड्यात तिने तायमीला बोलावून विचारलं होतं, "माझी हिल्मा दिसली का गं तुला?" तायमी म्हणाली, "आम्ही वेगवेगळ्या तळांवर होतो, कुकू." म्हातारीने मान हलवली आणि दोन वाडगे भरले. तेव्हापासून तायमी रोज तिचं पाणी आणायची, बाजरी कांडून द्यायची, पाय चेपायची. गावातल्या बायका म्हणायच्या, म्हातारी भोळी आहे, हेरीण घरात घेते. म्हातारी म्हणायची, "माझ्या पोरीच्या बाकावर बसलेली आहे ती. तुमच्यापैकी कोण बसलंय?"

इतकी वर्षं तायमीने फॉर्मचं नाव काढलं नाही. पण त्या हिवाळ्यात बाजरी कांडताना ती पडली आणि कंबरेचा सांधा गेला. डॉक्टरने सांगितलं, ऑपरेशन राजधानीत होतं, रांग चार वर्षांची आहे. नोंद झालेल्या सैनिकांना मात्र लगेच पाठवतात. मग ती चर्चमागे आली.

"दोन साक्षीदार लागतात," मास्तरांनी सांगितलं. "एक तुमच्यासोबतचा, आणि एक अधिकारी."

सोबतची एक मिळाली. वायरलेसवरची सायमा आता बंदरावरच्या शहरात राहायची. तिने चौऱ्याऐंशीपर्यंतचं लिहून पोस्टाने पाठवलं. त्यापुढचं मला माहीत नाही, असंही प्रामाणिकपणे लिहिलं. अधिकाऱ्यांपैकी दोघे वारले होते. उरला एक.

"ताते मातेउस हाउलोफू," मास्तर म्हणाले. "पूर्वेला त्यांचं गुरांचं कुरण आहे. चांगला माणूस आहे, असं म्हणतात. बऱ्याच जणांना सह्या दिल्यात."

"चांगला आहे," तायमी म्हणाली. "जीपमध्ये बसताना माझी पिशवी त्यानेच उचलली होती."

मास्तरांनी हातातला कागद खाली ठेवला. "जायलाच पाहिजे असं नाही," ते म्हणाले.

"मग सांधा तुम्ही बसवणार?"

मास्तरांच्या छोट्या पिकअपमधून दोघं गेली. वाळूतून दोन तासांची वाट. तारेचं कुंपण, पाण्याची टाकी, विटांचं घर. मातेउस अंगणात खुर्चीवर बसून चामड्याचा पट्टा शिवत होता. साखरेच्या आजाराने एक पाऊल बांधलेलं, केस पांढरे. तायमीला वाटलं होतं की त्याला पाहिल्यावर आपण मागे फिरू. तसं काही झालं नाही. दुखत होता तो फक्त सांधा.

"नेलागो!" त्याने लांबूनच ओळखलं. "अगं, ये ये! मास्तर, आवाज काय होता हिचा! वायरलेसवर ही बोलायला लागली की पोरं हातातला घास विसरायची. आहे का अजून तो आवाज?"

"आहे, ताते. ऐकू कमी येतं."

"वय झालं गं सगळ्यांचं."

त्याची बायको योहान्ना, थुलथुलीत आणि हसरी, आतून ओशिकुंडूची मोठी तुंबी घेऊन आली. आधी तायमीला दिली, तिचं पिऊन झाल्यावर त्याच तुंबीतून स्वतः प्यायली, काठ पुसलासुद्धा नाही. त्या एका घोटाने तायमीला बरं वाटलं आणि तिला स्वतःचाच राग आला. माया मिळावी ती याच्या घरी?

मास्तरांनी कागद काढले. "साक्ष हवी होती, ताते."

"देणार की! कोण नाही म्हणतंय? वाचा."

मास्तर वाचत गेले. प्रशिक्षण, वायरलेस, दक्षिणेचा तळ. मातेउस प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. चौऱ्याऐंशीपाशी मास्तर थांबले.

"पुढे लिहा," मातेउस सुई ओढत म्हणाला, "तळाच्या भाजीमळ्यात काम. एकोणनव्वदपर्यंत."

"मी मळ्यात नव्हते, ताते."

"मग कुठे होतीस?"

"तुम्ही मला विचारता?"

मातेउसने पट्टा मांडीवर ठेवला. "योहान्ना, जरा त्या कोंबड्या बघ," म्हणाला. बायको गेल्यावर त्याने मास्तरांकडे वळून, एखाद्या आजाऱ्याची हकिगत सांगावी तसं सांगितलं, "वाईट दिवस होते, मास्तर. आमच्यात माणसं घुसली होती. रोज पोरं मरत होती. तुम्ही इथे शाळेत होतात, तुम्हाला नाही कळायचं."

"मी घुसलेली होते का?" तायमीने विचारलं.

"तू कबूल केलंस."

"अकराव्या दिवशी."

"लवकर केलंस, म्हणून तर आज समोर बसलीयस. काही जण विसाव्या दिवशीही नाही म्हणत राहिले. त्यांचे फॉर्म भरायला कुणी येत नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. "माझ्यावर डूख धरू नकोस, नेलागो. मी तुझ्यावर उपकारच केलेत."

"मग खरं लिहा. मळा नको. मी काही केलं नव्हतं आणि मला पाच वर्षं जमिनीखाली ठेवलं, एवढंच लिहा. दोन ओळी."

"खरं लिहू?" तो पुढे वाकला. "लिहू ना. मास्तर, पेन काढा. पण मग अर्धं नको, सगळं लिहा. ही कबूल झाली, आणि आणखी कोण आहे असं विचारल्यावर हिने नाव दिलं, तेही लिहा. दवाखान्यातली ती बारीकशी पोरगी. हिल्मा. हिचीच मैत्रीण. तिला आणायला मी गेलो तो कुणाच्या शब्दावर? सांग ना, नेलागो. मास्तरांना सांग."

कुंपणापलीकडे गाय हंबरली. मास्तरांचा पेन टोपण काढलेला तसाच हातात राहिला. तायमीने खाली बघितलं. तिची स्वतःचीच बोटं मांडीवरच्या कापडाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

ते खरं होतं. त्यांनी नाव मागितलं आणि तोंडात पहिलं आलं ते तिने दिलं, कारण तेच नाव लहानपणापासून तोंडात होतं. हिल्मा खड्ड्यात आली ती आठ महिने तिच्याच पांघरुणात झोपली. रोज म्हणायची, "कुणी गं घेतलं असेल माझं नाव? मी कुणाचं काय वाईट केलं?" तायमीही तिच्याबरोबर आठवायला बसायची, या कंपाउंडरने असेल, त्या ड्रायव्हरने असेल. मग एके दिवशी वरून हिल्माला हाक आली. ती शिडीवरून वर गेली आणि परत आली नाही.

"मळा लिहा," तायमी म्हणाली.

"मेमे," मास्तर म्हणाले, "आपण अपील करू शकतो. दुसरा मार्ग..."

"मळा लिहा, मास्तर."

मातेउसने समाधानाने मान हलवली. "शहाणी आहेस. कोबी लिहा, मास्तर, कोबी आणि भोपळे. खरंच होता हो तिथे मळा. चांगला होता." त्याने ठळक अक्षरात सही केली. निघताना योहान्नाने तायमीला सहा अंडी बांधून दिली.

परतीची निम्मी वाट सरली. मग मास्तर खाकरले. "तेव्हा... शाळेतल्या जागेचं. माझी चूक झाली, मेमे. केव्हाचं सांगायचं होतं."

"तुमची कुठली चूक? पालकांना आवडलं नसतं," तायमी म्हणाली. "समोर बघून चालवा. वाळू आहे."

पाच महिन्यांनी कार्ड आलं. नाव, फोटो, क्रमांक. त्यानंतर तिला राजधानीत नेऊन सांधा बसवला. लंगडणं पूर्ण गेलं नाही, पण कांडता येऊ लागलं. अनुदान सुरू झालं. आणि गाव बदललं. गावाला काय, कागदावर सरकारचा शिक्का दिसला की पुरे. महिला मंडळाने जेवणावळीला तिची ओशिकुंडू मागितली आणि तिच्यासमोर प्यायली. जी वहिनी तिचा वाडगा वेगळा ठेवायची ती आता लोकांना सांगायची, "आमच्या घरातली लढलेली आहे." शाळेने हुतात्मा दिनाला बोलावलं. तायमी खुर्चीवर बसली, मुलांनी गाणं म्हटलं. बाईंनी विचारलं, तुम्ही तिकडे काय करायचात? तिने वायरलेसचं सांगितलं. आणि नंतर? नंतर मळा. एका मुलीने हात वर केला: मळ्यात काय लावायचात?

"कोबी," तायमी म्हणाली. "भोपळे. थोडा कांदा." कांदा तिने स्वतःच्या मनाने घातला.

पालकांच्या रांगेत कुकू ओतिली बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती काठी टेकत आली आणि तिने तायमीचं मनगट धरलं. "चौऱ्याऐंशी म्हणालीस ना? माझ्या हिल्माचं शेवटचं पत्र चौऱ्याऐंशीचंच. त्यात लिहिलं होतं, मला दुसऱ्या कामावर पाठवणार आहेत. तायमी, ती त्या मळ्यात होती का?"

माणसं भोवती होती, मुलं कल्ला करत होती, म्हातारीने मनगट सोडलं नव्हतं.

"होती," तायमी म्हणाली.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुला त्रास होईल म्हणून."

पुढचं आपोआप घडत गेलं. मेलेल्या लढवय्यांच्या आईबापांनाही अनुदान असतं, हे पाळकांनी कुकूला केव्हाच सांगितलं होतं. तिकडचा साक्षीदार नाही म्हणून ते राहिलं होतं. आता नोंदलेली, कार्डवाली साक्षीदार रोज तिच्याच अंगणात पाणी भरत होती. मंगळवारी दोघी मारुलाखाली आल्या. मास्तरांनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"मृत्यूचं कारण?" त्यांनी विचारलं.

"हिवताप," तायमी म्हणाली.

"किती दिवस होती तापात?" हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. तो कुकूचा होता.

"तीन."

"तू होतीस जवळ?"

"होते."

"पाणी दिलंस?"

"दिलं, कुकू."

"आणि पुरलं कुठे?"

"मळ्याच्या कडेला. झाडाखाली."

म्हातारीने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला, पाठीवरचं ओझं उतरल्यासारखा. मास्तर लिहीत होते. सही करून तायमी उठली तेव्हा ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या स्वतःच्या कागदात खोटं लिहिलं ते मी समजू शकलो. हे..."

"तिला मिळू दे ना. तुमच्या खिशातून जातंय का?"

"त्या बाईने झाड विचारलं, मेमे. उद्या ती झाड बघायला निघेल."

आणि तेच झालं. पहिलं अनुदान हातात पडल्या दिवशी कुकू म्हणाली, "गाडी करू. सीमा काही लांब नाही आता. तू वाट दाखव, मी पोरीच्या डोक्याशी बसून येते." त्र्याऐंशी वर्षांची म्हातारी, पण त्या आशेने तिला ताठ केलं. तिने डोक्याला बांधायला नवा रुमाल घेतला, कबरीवर ठेवायला पांढरे दगड निवडले. तायमीने सांगितलं, पावसात रस्ता नसतो. पाऊस संपला. मग सांगितलं, तिकडे अजून सुरुंग आहेत. कुकूने पाळकांना विचारलं. सुरुंग काढले होते. मग कागदपत्रं. मग सांधा दुखतोय. असं करता करता वर्ष गेलं.

एके दिवशी सकाळी तायमी पाण्याचा डबा घेऊन अंगणात शिरली. कुकू चुलीजवळ बसली होती. तिने दोन वाडगे काढले नव्हते.

"बस," म्हातारी म्हणाली. "तायमी, तिथे झाड नाही ना?"

तायमी उभीच राहिली. तिला वाटलं, आता आणखी एक काहीतरी सांगावं, झाड तोडलं म्हणावं, नदीने नेलं म्हणावं. शब्द तयार होते. पण जिभेला सवय झाली म्हणून प्रत्येक वेळी ती चालतेच असं नाही.

"नाही," ती म्हणाली.

"मळा?"

"मळा होता. आम्ही नव्हतो त्यात."

मग तिने सांगितलं. खड्डा सांगितला, पांघरूण सांगितलं, शिडी सांगितली. आणि कुणी विचारलं नसताना तेही सांगितलं की नाव कुणी घेतलं. चुलीवरची उकड खाली लागून करपल्याचा वास आला, तरी दोघींपैकी कुणी भांडं उतरवलं नाही.

कुकू रडली नाही. तिने विचारलं, "तिला कळलं होतं?"

"नाही. मी सांगितलं नाही."

"आठ महिने?"

"आठ महिने."

"आणि मला सव्वीस वर्षं." म्हातारीने काठीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पाय चेपत होतीस माझे. मला वाटायचं, देवाने एक पोर नेली आणि दुसरी दिली."

"कुकू, मला त्यांनी..."

"त्यांनी काय केलं ते कळलं मला. त्यांच्याबद्दल मी देवाला विचारेन. तू माझ्या घरात जेवलीस." ती उठली. उठायला तिला वेळ लागला, आणि तायमीने सवयीने पुढे केलेला हात तिने धरला नाही. "डबा तिथेच ठेव. उद्यापासून पाण्याला शेजारची येईल."

"अनुदानाचं काय करू? मास्तरांना सांगून..."

"ते माझ्या हिल्माचं आहे. एक पैसा परत करणार नाही मी. ज्यांनी नेलं तेच आज सरकारात आहेत; करू देत त्यांना भरपाई." आणि मग, पाठ फिरवून, "हे कुणाला सांगणार नाही मी. तुझ्यासाठी नाही. लोक माझ्या पोरीलाही हेरीण म्हणायला लागतील म्हणून."

तिने शब्द पाळला. त्यानंतर ती तीन वर्षं जगली. तायमीही तिथेच राहिली, दोनशे पावलांवर. चर्चमध्ये दोघी दोन बाजूंना बसायच्या. मास्तरांनी टेबल बंद केलं; डोळ्यांचं कारण सांगितलं. तायमीकडे मात्र अजून लोक येत, नोंदलेल्या साक्षीदारांची गावात चणचण होती. तिने पुन्हा कुणाला सही दिली नाही, आणि त्यावरून तिला गर्विष्ठ म्हणू लागले: कार्ड मिळालं की माणूस बदलतो, बघा.

म्हातारीशी ती बोलत का नाही, याचीही चर्चा झाली. शेवटी गावाने ठरवून टाकलं की दोघींचं एका शेळीवरून बिनसलं. तायमीच्या वहिनीला तर शेळीचा रंगसुद्धा माहीत आहे.